काट्यावर चढण्याआधी

शाळेत आरोग्य तपासणी होती. व्हरांड्यात वजनकाटा मांडलेला, शेजारच्या खांबाला उंचीची पट्टी चिकटवलेली आणि नववीच्या मुली हजेरीच्या क्रमाने रांगेत उभ्या. एक बाई आकडा वाचायच्या आणि टेबलाशी बसलेला माणूस तो तक्त्यात उतरवून घ्यायचा. पत्र्यावर पाऊस धो धो कोसळत होता, त्यामुळे प्रत्येक आकडा ओरडूनच सांगावा लागत होता. रांगेतल्या एका मुलीने आपला नंबर यायच्या आधी चपला काढल्या. त्या तर सगळ्याच काढत होत्या. मग तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं. खिशातला रुमाल आणि बसच्या तिकिटाची चिल्लर मैत्रिणीच्या हातात दिली. शेवटी केसांतली क्लिप काढली, मोकळे झालेले केस एका हाताने मागे धरले, श्वास आत ओढला आणि ती काट्यावर चढली. आकडा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. तिथे दहावीचे मुलगे उभे होते, त्यातले दोघे-तिघे हसले. तिने मान वर केली नाही. खाली उतरून आधी क्लिप लावली, मग चपला घातल्या.

केसांतली क्लिप किती ग्रॅमची असेल?

तेव्हापासून मधल्या सुट्टीत माझं लक्ष तिच्या डब्याकडे जायला लागलं. गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासच्या गावांतून आमच्याकडे मुलं येतात, बरीचशी बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून. आठच्या आत शाळा भरते, म्हणजे लांबच्या मुलांना सहा-साडेसहालाच घर सोडावं लागतं. तिची आई कुंडईच्या एका कारखान्यात कामाला जाते. तरी डबा रोज असतो: कधी चपाती नि अळसांद्यांची सुकी भाजी, कधी चटणी लावून गुंडाळलेले पोळे. डबा उघडायचा, मैत्रिणींनी त्यातलं उचलायचं, आणि तिने बाटलीतलं पाणी पीत राहायचं. विचारलं तर उत्तर तयार, "हांव खावन आयलां, टीचर." शेवटच्या तासाला मात्र तिचं डोकं बाकावर टेकलेलं. गणिताच्या सरांना वाटायचं, ही रात्री मोबाइल बघत जागते.

नववीतल्या मुलीचं वजन वाढायलाच हवं असतं. मोठेपणी माणसाचं जे वजन असतं, त्यातलं जवळजवळ निम्मं या पौगंडाच्या वर्षांत अंगावर चढतं. हाडं भरतात, रक्त वाढतं, स्नायू येतात, आणि मुलींच्या अंगावर चरबीही धरते. ती धरायची असते, पाळीचं चक्र नीट चालण्यासाठी शरीराला ती लागते. काही मुलं आधी आडवी भरतात आणि मग उंचीला लागतात. काही आधी बांबूसारखी वाढतात आणि वर्ष-दोन वर्षांनी भरतात. म्हणून तर मुलांच्या वजनाचा हिशोब मोठ्यांसारखा एका आकड्यावर करत नाहीत. वजन, उंची, वय, मुलगा की मुलगी, हे सगळं एकत्र धरून वाढीच्या तक्त्यावर बघतात, आणि तेही एका दिवसाचं नव्हे, गेल्या काही वर्षांची रेघ कशी चालली आहे ते. त्या व्हरांड्यात ओरडून सांगितलेल्या आकड्याला एकट्याने तसा काही अर्थच नव्हता. पण चौदा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? तिच्या कानात राहिला तो आकडा, आणि ते हसणं.

माझं लहानपण सावईवेऱ्याला गेलं. घराला लागून कुळागर, पोफळींच्या सावलीत वाहणारा पाट, आणि सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज. पेजेबरोबर खारातली तोर, म्हणजे कैरी, नाहीतर विस्तवावर भाजलेला सुका बांगडा. त्या बांगड्याचा वास हाताला दुपारपर्यंत यायचा. आमच्यापैकी कुणालाच आपलं वजन ठाऊक नव्हतं. पणजीला गेलं की बस स्टँडवर रंगीत दिव्यांचं ते नाणं टाकायचं यंत्र असे. त्यातून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भविष्य वाचायचो. हे सगळं आठवलं की जीव तिथे रमतो, पण तो काळ चांगला होता असं म्हणायला मन धजत नाही. प्रार्थनेच्या वेळी रांगेत एखादी मुलगी भोवळ येऊन पडायची, तिच्या तोंडावर पाणी मारून तिला वर्गात बसवलं जायचं, आणि तिच्या अंगात रक्त किती आहे हे कुणी विचारायचं नाही. घरातल्या बायका सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसत. तोवर कालवणात तुकडा उरलेला नसे, नुसता रस असे. मुलींच्या खाण्याकडे तेव्हा कुणी बघत नव्हतं आणि आता सगळेच बघतात. दोन्हींत मुलीचं भलं झालेलं मला दिसत नाही.

अंगाकडे मात्र तेव्हाही बघत, आणि त्याला सुरुवात व्हायची चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. मूळ घरी सगळं गोत जमायचं. वर, गणपतीच्या डोक्यावर, माटोळी बांधलेली, तिच्यातल्या कच्च्या फळांचा आणि पानांचा ओला वास घरभर, आणि पाय धुऊन आत येणाऱ्या मुलीला पहिलं वाक्य ऐकू यायचं, "कितें गो बाय, मोटें जालांय मगो तूं!" बोलणारीच्या मनात काही नसायचं. मायेनेच बोलायची, गालाला हात लावून बोलायची, आणि त्याच हाताने पुढे नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट सरकवायची. माझी मावसबहीण म्हापशाहून यायची. ती तेव्हा तेरा-चौदाची असेल. एका चवथीला तिने नेवरीला हात लावला नाही, पातोळीचं हळदीचं पान उलगडून नुसतं हुंगलं आणि ठेवून दिलं. मोठ्यांनी कौतुक केलं, पोरीला समज आली म्हणून.

पुढचं तिने मला सांगितलं ते आम्ही दोघी चाळिशी ओलांडल्यावर. रात्री सगळी निजली की ती स्वयंपाकघरात जायची. नेवऱ्यांचा डबा पत्र्याचा, झाकण घट्ट. ओढलं तर आवाज होणार. म्हणून ती अंगठ्याच्या नखाने झाकणाची कड हळूहळू सगळीकडून सैल करत जायची आणि मग उभ्या उभ्या, काळोखात, चव न घेता एकामागून एक नेवऱ्या खायची. सकाळी पुन्हा उपास. ते चक्र तिचं कधी थांबलंच नाही. कॉलेजात काकडी आणि ताक, लग्नाआधी सूप, बाळंतपणानंतर लिंबू-मध, मग कुणीतरी सांगितलेला सात दिवसांचा तक्ता. प्रत्येक वेळी काही किलो उतरले, आणि प्रत्येक वेळी उतरले त्याहून थोडे जास्त परत आले. आज तिचे गुडघे दुखतात, साखरेची गोळी चालू आहे, आणि फोटो काढताना ती अजून कुणाच्यातरी मागे जाऊन उभी राहते.

तिची गोष्ट तिची एकटीची असती तर मी इथे मांडली नसती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या डायॅन न्यूमार्क-स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998-99 मध्ये तिथल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या 31 शाळांमधून 4,746 मुलांना प्रश्न विचारले: काय खाता, कधी खाता, वजन कमी करायला काय करता, घरात कोण काय बोलतं. मग यातल्या जितक्यांना गाठता आलं त्यांना पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी पुन्हा विचारलं. शाळेतली मुलं बाप्ये-बाया होईपर्यंत त्यांच्या मागे राहणं ही केवढी चिकाटी! त्यातून जे निघालं ते वाचताना मला सारखी म्हापशाची बहीण दिसत होती. वजन उतरवण्यासाठी जेवण टाळणारी, उपास काढणारी, गोळ्या घेणारी मुलं पाच वर्षांनी बघितली तर तसं काही न करणाऱ्यांपेक्षा जाडच झाली होती. ती जाड होण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. सुरुवातीचं वजन हिशोबात धरूनही हे उरत होतं, म्हणजे आधीच जाड होती म्हणून डाएट केलं एवढ्यावर ते भागत नव्हतं. मुलींच्या बाबतीत कारणाचा माग काढला तेव्हा दोन गोष्टी हाती लागल्या: डाएट करणाऱ्या मुली सकाळचं खाणं सोडत गेल्या, आणि ताबा सुटून एकदम खूप खाणं वाढत गेलं. पत्र्याचा डबा आणि अंगठ्याचं नख, हेच ते.

त्याच विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटी अॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. ते सगळे स्वखुशीने आले होते. काही आठवड्यांतच त्यांच्या बोलण्यात, स्वप्नांत अन्नाशिवाय काही उरलं नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही अनेकांची भूक कितीतरी दिवस भागेना. भुकेल्या शरीराला आपण उपास धरलाय की दुष्काळ पडलाय हे कळत नाही. ते अन्न मागत राहतं, आणि मिळालं की साठवतं. चौदा वर्षांच्या वाढत्या शरीराचं तर विचारायलाच नको.

म्हणून मुलांना वाटेल ते खाऊ द्यावं असं माझं म्हणणं नाही, आणि गोव्यात राहून तसं म्हणणं परवडणारही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर मधुमेहाची जी मोठी पाहणी केली, तिचे आकडे 2023 मध्ये आले. त्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. चार मोठ्या माणसांमागे एकाहून जास्त. हे वाचून मी आमच्या वर्गाकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. ही मुलं चाळिशीची होतील तेव्हा काय? बालरथ दाराशी येतो, चालणं संपलं. दुपारी दीडला शाळा सुटते, तीनला ट्यूशन, ती आटपून घरी यायला सात-आठ. मधे गाड्यावरचं गोबी मंच्युरियन, नाहीतर पाकिटातलं काहीतरी आणि गोड थंड पेय. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. चांगला नियम आहे. पण भूक 51 व्या मीटरलाही तेवढीच असते.

मधल्या सुट्टीतल्या भाजी-पावावर लोक उगाच राग काढतात असं मला वाटतं. गरम पातळ भाजी, वाटाण्याची नाहीतर चण्याची, त्यात बुडवायला पोदेराच्या भट्टीतला उंडो, वर कांदा. पोराच्या पोटाला आधार देणारं खाणं आहे ते. सोबत मिरचीचं एखादं भजं आलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण सकाळी सहाला नुसता चहा घेऊन निघालेलं पोर साडेदहाला जेव्हा कॅन्टीनच्या खिडकीशी पोचतं, तेव्हा त्याला भाजी दिसत नाही, भजीच दिसतात, आणि एक नाही, चार. मिनेसोटाच्या त्या अभ्यासात सकाळी खाण्याचाही माग काढलेला आहे. जी मुलं आठवड्यातले जितके जास्त दिवस सकाळी खात, तितकी त्यांची वजनवाढ पुढच्या पाच वर्षांत कमी. खाऊन वजन कमी वाढतं हे आमच्या नववीच्या मुलींना पटवणं फार कठीण जातं.

आणि काट्यावर ज्यांना कुणी हसलं नाही, ती सडपातळ मुलं? त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. सकाळी उपाशी, दुपारी मंच्युरियन, रात्री इन्स्टंट नूडल्स असं खाणारा मुलगा वजनात बसला की घरातले निश्चिंत होतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघे पांढऱ्या शर्टात शेजारी-शेजारी उभे. उंचीला वजन धरून काढलेला निर्देशांक दोघांचा एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. आपली शरीरं बाहेरून बारीक दिसतात आणि आत चरबी राखून असतात, हे याज्ञिक कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. बाळ पोटात असतानाच त्याची सुरुवात होते असं त्यांचं पुण्याजवळच्या गावांमधलं काम सांगतं. तेव्हा डोळ्यांनी जाड कोण, बारीक कोण ठरवायचं आणि जाडाला बोलायचं, बारकाला सोडायचं, यात मुलांच्या तब्येतीचा विचार कुठे आहे? खाण्याची काळजी करायची तर ती वर्गातल्या सगळ्यांची करावी लागेल.

कशी करायची, याबद्दल त्याच मिनेसोटाच्या मंडळींनी 2013 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. आईबाप मुलांशी वजनाबद्दल बोलतात तिथे मुलांमध्ये डाएट करणं, जेवण टाळणं, उपास काढणं असले प्रकार जास्त सापडले. जिथे बोलणं चांगल्या खाण्याबद्दल होतं, तिथे कमी. विषय तोच, पोरगं तेच, माया तीच. आणि ज्यांना वजनावरून चिडवलं गेलं होतं, त्यांच्यात पंधरा वर्षांनंतरही लठ्ठपणाचं प्रमाण जास्त होतं. चवथीच्या दारातलं मायेचं वाक्य इतकी वर्षं टिकतं हे आमच्या मावशा-आत्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी ते नक्कीच गिळलं असतं.

यंदाच्या पालकसभेत मी हे सगळं बोलले. आकडे कमी सांगितले, कारण समोर बसलेल्या बहुतेक आया कारखान्यातली पाळी संपवून थेट आल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांवर झोप होती. वजनाबद्दल मुलांना, मुलींना, चेष्टेतसुद्धा बोलू नका, एवढंच आधी मागितलं. मग एकीने विचारलं, "टीचर, सकाळीं स वरांचेर दिवपाचें कितें? भुरगें तोंड उगडिना." सकाळी सहाला पोर तोंडच उघडत नाही, तर द्यायचं काय, असं तिचं म्हणणं. तिथून सभा माझ्या हातात राहिली नाही. कुणी म्हणाली, रात्रीच नाचणीचं पातळ करून ठेवायचं, सकाळी ताक घालून पेलाभर प्यायला काही लागत नाही. कुणी म्हणाली, उकडलेलं अंडं आणि केळं बालरथात बसून खातो आमचा. एका आजीने पेजेचं नाव काढलं तेव्हा सगळ्या हसल्या, पण तिने हेका सोडला नाही, गाळलेली नव्हे, शितांसकट द्या म्हणाली. एक बाप मागे उभा होता, त्याने विचारलं, "आणि मंच्युरियन खाताना दिसला तर?" मी म्हटलं, खाऊ द्या, पण तो घरी आल्यावर त्याच्यासाठी वाढलेलं काहीतरी असू द्या, आणि त्याच्यासोबत कुणीतरी बसा.

यावर सगळ्या गप्प झाल्या. सोबत बसणं हीच तर अडचण होती. एकीची कामावर पहिली पाळी, नवऱ्याची तिसरी, मुलाची ट्यूशन. एकत्र जेवणं आमच्याकडे आयतवारीच, असं ती जरा शरमून म्हणाली. मी तिला सांगितलं की घरच्यांसोबत जेवणाऱ्या मुलांचं दहा वर्षांनी काय झालं तेही त्या लोकांनी बघून ठेवलंय, आणि जिथे आठवड्यातून एकदा-दोनदाच एकत्र जेवण व्हायचं तिथलीसुद्धा मुलं, अजिबात न होणाऱ्या घरांपेक्षा, पुढे लठ्ठपणापासून जास्त वाचलेली दिसली. "म्हणजे आयतवार धरतात?" तिने विचारलं. धरतात, मी म्हटलं. तिने शेजारणीकडे बघून बोटांवर मोजलं, आयतवार एक, बुधवारी नवऱ्याची सुट्टी, त्या रात्री ट्यूशनच्या सरांना सांगून पोराला अर्धा तास आधी आणता येईल, म्हणजे दोन. शेजारीण म्हणाली, आमच्या मुलालाही बरोबर घेऊन ये, त्याच वर्गाला आहे.